निम्म्या किमतीचा हँडसेट

कोऱ्या खोक्यातून निघालेल्या हँडसेटचा वास आला की मला राहात्याकडचा एक पेरूबागायतदार आठवतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मोबाईल कंपनीने आम्हा जुन्या ग्राहकांना निम्म्या किमतीत नवा हँडसेट देऊ केला होता. अट एवढीच, की तो आपल्या कार्डावर चालू करून पहिला फोन त्यावरूनच करायचा. मी नगरच्या दुकानात उभ्याउभ्या घरी एक फोन केला, कार्ड काढून घेतले आणि हँडसेट पूर्ण किमतीला त्या बागायतदाराला विकला. दुसऱ्या बाळंतपणासाठी पुण्याला सासरीच राहिलेल्या लेकीची खबर त्याला ताबडतोब हवी होती. "आमच्या वाडीवर लागंल ना, सायेब?" त्याने विचारले. तिथे रेंज पोहोचत नाही हे ठाऊक असूनही मी "लागेल" म्हणालो. त्याने फोनला हळदकुंकू लावले आणि पहिला पेढा माझ्याच हातावर ठेवला. पंधरा दिवसांनी तो मला हमरस्त्याच्या कडेला, फोन कानाच्या उंचीवर धरून उभा दिसला. "रोज सांजच्याला सायकल मारीत हितं येतो. फोन लई झ्याक हाय, आमची वाडीच खोलात हाय," तो हसून म्हणाला. तेव्हा तरी खरे सांगून हँडसेट परत घेता आला असता. मी मात्र "खोलातच आहे खरी," असे म्हणून मान डोलावली. आज पन्नाशी उलटल्यावर ती विक्री मला तितकीशी टोचत नाही. माझा दोष त्याने आपल्या वाडीवर घेतला आणि मी तो घेऊ दिला, हे टोचते.