शेवयांनंतरचा तिसरा दिवस

थू घराण्यातली युन-रू ताइचुंग शहरातल्या विद्यापीठात उपचार-आहाराचं पदव्युत्तर शिक्षण घेते. आजाऱ्याच्या पोटात काय, किती आणि केव्हा जावं, एवढंच शिकायचं. "सहा वर्षं घालवून पोरगी पेज मोजायला शिकली," असं तिची काकू किम-हुए म्हणायची, आणि ते चार दुकानांत पोचवायचं काम मी, त्यांचा म्हातारा शेजारी, मन लावून करायचो.

गेल्या वर्षी थंडीच्या तोंडावर किम-हुएचा नवरा आ-बिंग जेली करायची रानफळं तोडायला डोंगरात गेला आणि धुक्यात वाट चुकला. अकरा दिवस झऱ्याच्या पाण्यावर काढले. बाराव्या दिवशी सकाळी त्याला झोळीतून खाली आणला, तेव्हा कमरेला पट्ट्याऐवजी सुतळी होती, आणि तीही ढिली.

माणूस तुरुंगातून सुटो, अपघातातून वाचो की डोंगरातून परतो, आमच्याकडे पहिला घास डुकराच्या पायांचा आणि लांब शेवयांचा. त्याशिवाय इडापिडा जात नाही, आणि शेवई तुटली तर आयुष्य तुटतं. दवाखान्यात डॉक्टरांनी थोडी थोडी पातळ पेज द्यायला सांगितली होती. किम-हुएने मान डोलावून ऐकलं आणि दुपारी कपड्यांच्या पिशवीतून डबा आत नेला. युन-रू बसमधून उतरून दवाखान्यात पोचली, तेव्हा आ-बिंग बोटं चाटत होता.

"किती खाल्लंत, काका?"

"दोन वाडगे. वर तुझ्या काकूची बोलणी."

पोरगी हसली नाही. काकूला बाजूला घेऊन म्हणाली, "इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम एवढं अन्न गेलं, की रक्तातले क्षार झपाट्याने उतरतात. मग हृदय दमतं. आज काही दिसणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतं."

"काय दिसतं?"

युन-रू डॉक्टरांच्या खोलीकडे वळली. आजाऱ्याच्या खोलीत तो शब्द आमच्यात कुणी काढत नाही.

तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं. क्षारांचं सलाइन सुरू झालं, सकाळ-संध्याकाळ रक्त तपासायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी मात्र आ-बिंगच्या गालांवर लाली होती. अस्वलाशी झालेल्या कुस्तीच्या थापा ऐकून अख्खा वॉर्ड हसत होता. मीही तिला डिवचलं, "काय तराजूबाई, तुझा तो दिवस कधी म्हणायचा?"

"उद्या, आजोबा."

ती पांघरुणाच्या टोकाकडे बघत होती. तिने काकांच्या घोट्यावर बोट दाबलं आणि उचललं. पायावर सूज चढली होती; खळगा तसाच राहिला. मी पुढचा विनोद गिळला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आ-बिंगला कप उचलता येईना. श्वास वरच्या वर. रक्तातल्या क्षारांपैकी फॉस्फरस हवा त्याच्या निम्म्याच्याही खाली आलेला. नवऱ्याचा हात गळालेला पाहून किम-हुएने तिला ठाऊक होतं तेच केलं. घरी गेली आणि दुसरा डबा भरून आणला.

युन-रू दारात आडवी उभी राहिली.

"बाजूला हो. नवरा माझा आहे."

"म्हणूनच, काकू."

"अगं, त्याच्यात त्राण नाही. आणि या शेवया दारातून परत नेल्या तर इडापिडाही घरी येते. हे नसेल तुझ्या पुस्तकात."

"नाही. डबा द्या इकडे."

डबा घेऊन ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली आणि खायला लागली. चरबी, कातडी, पाय, आणि एकही शेवई न तोडता सगळ्या शेवया. आत काकांच्या उशाशी यंत्र टिकटिकत होतं. मधेच एक ठोका चुकला, की तिचा घास थांबायचा. मग पुन्हा चालू. रिकामा डबा काकूच्या हातात देत म्हणाली, "आता परत न्यायला काही उरलं नाही."

किम-हुए डबा पोटाशी धरून तशीच उभी राहिली. आत गेली नाही.

पाचव्या दिवशी आ-बिंगने कप उचलला. आता तो चहाच्या टपरीवर सांगतो, शेवयांनी वाचवलं. किम-हुए सांगते, "कुणीतरी खायला हव्या होत्या, एवढंच."

या सोमवारी तो त्याच फळांसाठी पुन्हा वर गेला. दोन दिवसांत येतो म्हणाला होता. आज शुक्रवार. किम-हुएने सकाळी बाजारातून डुकराचे पाय आणले. मी विचारलं, तर म्हणाली, "चांगले दिसले." दुपारच्या बसने युन-रू आली. कुणी बोलावलं नव्हतं. काकूच्या स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसली आहे. धुक्यामुळे डोंगर सकाळपासून दिसलेला नाही, आणि शेगडीवर पाणी तापत आलंय.