यादी संगणक लावतो

विश्रांतवाडीच्या विहाराशेजारच्या अभ्यासिकेत खुर्च्या चाळीस आणि स्पर्धा परीक्षावाले दोनशे. त्यामुळे प्रतीक्षायादीत नंबर लागणं हीच तिथली पहिली परीक्षा. ती यादी लावणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, अभ्यासिका सांभाळणाऱ्या संभाजी ओव्हाळांनी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर, साठीत पायथन ही संगणकाची भाषा शिकून, स्वतः लिहिलेली. आधी अर्ज त्याला आधी खुर्ची, एवढाच तिचा कायदा. कोणी नगरसेवकाची चिठ्ठी आणली की ओव्हाळ त्याला पाणी देत आणि टेबलावरच्या पाटीकडे बोट दाखवत: 'यादी संगणक लावतो. हुज्जत घालू नये.'

परवा अभ्यासिकेला नवा संगणक आला. त्यावर तारखा वाचणाऱ्या पायथनच्या तयार कोडचं नवं व्हर्जन आलं आणि नऊ वर्षं बिनबोभाट चाललेली स्क्रिप्ट अर्जांच्या तारखांवर अडून बसली. ओव्हाळांनी दोन दिवस सगळ्या नव्या कारभाराचा यथेच्छ उद्धार केला. मग आयटीतल्या लेकीला, शर्मिलाला, आणून बसवलं.

"बाबा, जुनं व्हर्जन टाकलं तर गप्प चालेल."

"मग टाक की!"

"पण ते चुकीचं चालत होतं. तुम्ही तारीख कशी वाचायची हे सांगितलंच नाहीये. म्हणून ते अमेरिकन पद्धतीनं आधी महिना धरायचं. पंचविसावा महिना नसतो, तिथे आपलं आपण सुधारायचं. बारापर्यंतच्या तारखा मात्र उलट्या. नवीन म्हणतंय, मी अंदाज करणार नाही, नीट सांगा."

ओव्हाळांनी वर पाहिलं. समोर भिंतीवर नम्रताचा फोटो होता, खाली 'आमच्या अभ्यासिकेची विद्यार्थिनी, राज्यकर निरीक्षक'. नंबर लागेना म्हणून पोरीनं वर्षभर बाहेर जिन्यात बसून अभ्यास केला होता. ही गोष्ट ते प्रत्येक नव्या बॅचला अभिमानानं सांगत. इथे वशिला नाही, शिस्त आहे!

त्यांनी कपाटातून तिचा जुना अर्ज काढला. 12/01, म्हणजे बारा जानेवारी. स्क्रिप्टच्या लेखी एक डिसेंबर. मार्चात, जूनमध्ये आलेले तिच्या आधी आत जाऊन बसले होते.

शर्मिलानं एक ओळ घातली, यादी क्षणात लागली. ओव्हाळांना मात्र शरमेनं मान वर करवेना. तरी त्यांनी नम्रताला फोन लावला. जय भीम झाल्यावर काही न लपवता सगळं सांगितलं, माफी मागितली.

पलीकडे ती हसली.

"म्हणजे मशीनची चूक होती होय? मी इतकी वर्षं समजत होते काका, तुमच्याकडे वशिला लागतो."