काजूचा डाग

साठ सालच्या आसपासची गोष्ट. बाबा मुंबईहून मे महिन्याच्या रजेवर आले होते. एक दिवस आईला आणि मला ते डोंगरावरचा जुना गड दाखवायला घेऊन गेले. खास आमच्यापुरती बैलगाडी ठरवली होती आणि वाट दाखवायला पायथ्याच्या गावातला एक म्हातारा सोबत होता. तो तटाबुरुजांच्या, राजांच्या गोष्टी सांगत होता. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही.

आठवतं ते उतरणीवरचं काजूचं बन. बाबा तिथे पांढरा सदरा घालून आले होते. काजूच्या बनात पांढरा सदरा! मुंबईत राहून माणूस एवढंही विसरतो. त्यांनी पिकला बोंडू चावला आणि रस थेट छातीवर सांडला.

आई भडकली. "आता ह्यो डाग जन्मात जावचो नाय!"

म्हातारा हसला. "जाता गो बाये. काजूंचो हंगाम सरलो की डागय जाता."

तो सदरा घरीच ठेवून बाबा मुंबईला परतले. त्याच पावसाळ्यात ते तिथे आजारी पडले आणि वारले.

पुढे दरवर्षी हंगाम सरला की आई ट्रंकेतून तो सदरा काढायची आणि दारातल्या उजेडात धरायची. मी तिच्या तोंडाकडे बघायचे. मग घडी घालता घालता ती हळूच म्हणायची, "आसा. डाग अजून आसा."