मोटारीतला वाळा

गणपत साळुंकेच्या आजोबांनी घोडे सांभाळले, बापाने बग्गी हाकली आणि गणपतच्या वाट्याला मोटार आली. देवास संस्थान होतं तोवर तो तिथल्या मोटारखान्यात होता. संस्थानं विलीन झाली, मोटारखाना मोडला, तेव्हा मल्हाररावांनी त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं. मल्हारराव जुने दरबारी सरदार. दरबार गेला तरी त्यांची हौस काही गेली नव्हती. त्यांनी मुंबईहून एक जुनी हिरवी अमेरिकन मोटार आणली आणि तिच्याबरोबर एक यंत्रही आलं.

हे यंत्र म्हणजे आडव्या हंड्यासारखा पत्र्याचा डबा. मागच्या खिडकीला बाहेरून टांगायचा, त्यात पाणी भरायचं. आत जाळीचं एक पिंप, त्यावर लाकडाच्या बारीक ढलप्यांची गादी. मोटारीत बसल्याबसल्या दोरी ओढली की पिंप फिरायचं, गादी भिजायची, आणि मोटार धावू लागली की त्या ओल्या गादीतून गार वारा आत यायचा. दोन उन्हाळे त्याने चांगली सेवा दिली. तिसऱ्या उन्हाळ्यात दोरी हलेना आणि आतून कुबट वास येऊ लागला. गणपतने ते काढून गोठ्यात ठेवून दिलं.

त्याच वर्षी, चौपन्न साली, मल्हाररावांच्या मुलीला, लतिकाला, सातवा लागला. ती धारला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं, पण दिवस वैशाखाचे. पहाटे निघून ऊन चढायच्या आत देवासला पोचता आलं असतं. पण धारच्या जोशीबुवांनी मुहूर्त काढला तो भर दुपारचा. लतिकाच्या सासूबाई, जानकीबाई, यांनी निरोप पाठवला, "मुहूर्त मोडायचा नाही आणि असल्या उन्हात माझ्या सुनेला पाठवायचीही नाही. ती इथंच बाळंत होईल."

निरोप ऐकून मल्हाररावांच्या घरात चूलच थंडावल्यासारखं झालं. लतिकाच्या आई, ज्यांना सगळे अक्का म्हणत, त्या दिवशी जेवायलाही उठल्या नाहीत. गणपतने लतिकाला लहानपणी दरबारच्या मोटारीचा भोंगा वाजवू दिलेला. त्याला राहवेना.

"सरकार, ते थंड हवेचं यंत्र मी घरी नेतो," तो म्हणाला. "बघतो काय होतंय ते."

मल्हारराव म्हणाले, "मीही येतो."

आणि खरंच, सरदार गणपतच्या अंगणात उलट्या घमेल्यावर येऊन बसले. डबा उघडला. गादीचा कुजून चिखल झालेला, आणि पिंपाच्या आसावर विहिरीच्या खाऱ्या पाण्याचा पांढरा थर चढलेला. गणपतच्या बायकोने, पार्वतीने, चिंचेचं पाणी आणून दिलं. दिवसभर आस त्यात बुडवून ठेवला, संध्याकाळी तांब्याच्या भांड्यासारखा घासला, तेल सोडलं. पिंप गरागरा फिरू लागलं.

गादीचं मात्र अडलं. इंदूरच्या दुकानदारांना असलं काही ठाऊकच नव्हतं. मल्हाररावांना काथ्याची कल्पना सुचली. गणपतने जुन्या दोरखंडाचा काथ्या पिंजून पिंपावर गच्च आवळला, यंत्र खिडकीला टांगलं, सरदार मागे बसले आणि मोटार इंदूरच्या रस्त्याला लागली. मल्हाररावांनी जोरात दोरी ओढली. गच्च काथ्यातून वारा येईना; आलं ते तांबडं पाणी, थेट त्यांच्या पांढऱ्या अंगरख्यावर.

दोघं परतले तेव्हा पार्वती दारातच उभी होती. तिने पदर तोंडाला लावला, पण हसू लपलं नाही.

"अहो, वाळा का नाही घातला?" तिने विचारलं. तिचं माहेर वाड्यासाठी वाळ्याच्या तट्ट्या विणणाऱ्यांचं.

"तट्ट्या दाराला लावतात," गणपत फणकारला. "मोटारीला नाही."

"वारा दारातून येवो नाहीतर खिडकीतून, त्याला काय कळतंय?"

मल्हारराव अंगरखा पिळत म्हणाले, "गणपत, तिला करू दे."

पार्वतीने वाळ्याच्या मुळ्या भिजवल्या, विरळ पसरल्या आणि सुतळीने पिंपावर सैल टाके घातले. गणपतला ते टाके पोरखेळ वाटत होते. पण मोटार पुन्हा रस्त्याला लागली, मागून गार, सुगंधी झुळूक त्याच्या मानेवर आली, आणि त्याने मोटार आणखी दोन मैल पुढे नेली. मल्हारराव मागे डोळे मिटून बसले होते.

मुहूर्ताच्या दिवशी गणपत आणि अक्का धारला पोचले. जानकीबाईंनी यंत्राकडे संशयाने पाहिलं.

"आधी मी बसून बघते," त्या म्हणाल्या.

गणपतने त्यांना तलावाकाठून फिरवून आणलं. मोटार दारात थांबली, पण बाई उतरेनात.

"आणखी एक फेरी घे," त्या म्हणाल्या. "नीट कळलं नाही."

दुसऱ्या फेरीनंतरही त्यांचं समाधान झालं नाही. लतिकाची ओटी भरली, ती येऊन शेजारी बसली, अक्का पलीकडून चढल्या, तरी जानकीबाई जागच्या हलल्या नाहीत.

"सुनेला असं एकटं कसं सोडायचं?" त्या म्हणाल्या. "मी देवासपर्यंत येते. घरातून माझी पिशवी आणा."

अक्कांनी गणपतच्या पाठीकडे पाहिलं. पाठ हसण्याने हलत होती.

इंदूर मागे पडलं. क्षिप्रेपाशी गणपतने पाणी भरायला मोटार थांबवली. एक बैलगाडीवाला डब्याकडे निरखून माळवीत विचारू लागला, "भिया, यो कांई लटकायो?"

"खस है, भिया. ठंडी हवा," गणपत वाळ्याकडे बोट करत म्हणाला.

आत लतिका सासूच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती, आणि जानकीबाई तिची झोप मोडू नये म्हणून दोरी अगदी हळू ओढत होत्या.

देवासला उतरल्यावर लतिकाने आधी विचारलं, "हा वाळा कुणी विणला?"

गणपतने नाव सांगितलं. "आमची पार्वती. पण ती कधी मोटारीत बसलेली नाही, ताईसाहेब."

दुसऱ्या दिवशी दुपारी मल्हाररावांनीच त्याला मोटार घेऊन घरी पाठवलं. पार्वती आधी लाजली. मग नवं लुगडं नेसून मागे ऐसपैस बसली, दोरी हातात घेतली आणि म्हणाली, "टेकडीकडून घ्या. आणि घाई करू नका."

गणपत म्हणाला, "बरं, बाईसाहेब," आणि गाडी सुरू केली.