स्वस्त ते डिझेल

आमच्या न्यू जर्सीतल्या पार्सिपनी गावातले मराठी लोक सुहासिनीला ‘ट्रकवाली’ म्हणायचे. पाठीमागे कशाला, तोंडावरच म्हणायचे. मंडळाच्या पिकनिकला ती ऑफिसची डिझेल एसयूव्ही घेऊन आली, की शशिकांत लांबूनच ‘हॉर्न ओके प्लीज’ असं ओरडायचा आणि बाकीचे दात काढायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. ती मात्र ढिम्म. इंजिन चालू ठेवून म्हणायची, “ये ना, जवळ ये. कुठे धूर दिसतोय ते दाखव.” शशिकांत कधी गेला नाही.

आम्ही दोघी शेजारी. मी एका विमा कंपनीत डेटाबेस सांभाळते, इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही. जे कळतं ते तिच्यामुळे. ती पुण्याची मेकॅनिकल इंजिनिअर. तिची कंपनी डिझेलचा धूर गाळणारे फिल्टर बनवायची. डेट्रॉइटच्या एका गाड्यांच्या कंपनीला पिकअप आणि एसयूव्हीसाठी छोटं डिझेल इंजिन आणायचं होतं. आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन काढून तिथे सहा सिलिंडरचं डिझेल बसवायचं. ओढ तेवढीच, खाणं बरंच कमी. त्यातला फिल्टर तिच्या कंपनीचा, म्हणून चाचणीची गाडी सुहासिनीच्या ताब्यात होती. तीन वर्षं तिनं ती बर्फात, डोंगरात, ट्रॅफिकमध्ये पिदडली.

“अमेरिकन माणूस मोठी गाडी सोडणार नाही, विनीता,” ती मला सांगायची. “त्याच्याशी भांडून उपयोग नाही. आतलं इंजिन बदलून टाक, त्याला कळणारसुद्धा नाही.” इथल्या लोकांच्या डोक्यात पंचवीस वर्षांपूर्वीच्या खडखडणाऱ्या, काळा धूर ओकणाऱ्या डिझेल गाड्या अजून ठाण मांडून होत्या, आणि त्या हुसकून लावायच्या असा तिनं चंगच बांधला होता.

२००८च्या उन्हाळ्यात भाव भडकले. पेट्रोल चार डॉलरच्या वर गेलं आणि डिझेल त्याच्याही वर. मोठ्या गाड्या शोरूममध्ये धूळ खात पडल्या. हा प्रकल्प ठेवायचा की गुंडाळायचा हे ठरवायला डेट्रॉइटची माणसं एका मंगळवारी यायची होती.

त्याच सुमारास सुहासिनीचे सासरे गुरुनाथकाका नागपूरहून आले होते. वीज मंडळातून रिटायर झालेले, काटकसरी, आणि सुनेचं कौतुक सांगताना न थकणारे. “सूनबाईच्या इंजिनाच्या गाडीत बसायचं आहे ना मला,” हा त्यांचा धोशा. आता ती गाडी नेमलेल्या माणसांशिवाय कोणी चालवायची नाही, असा कंपनीचा कडक नियम होता. पण बैठकीआधीच्या रविवारी सुहासिनी तापानं अंथरुणात होती, तिच्या नवऱ्याची, संजीवची गाडी गॅरेजमध्ये होती, आणि काकांना ब्रिजवॉटरच्या बालाजीला जायचं होतं. तिनं चावी संजीवच्या हातात दिली.

वाटेत संजीव पंपावर थांबला आणि कॉफी आणायला आत गेला. न्यू जर्सीत पेट्रोल आपण भरायचं नसतं, पंपावरचा माणूस भरतो. त्यानं खिडकीशी येऊन काकांना विचारलं, कुठलं भरू? इंग्रजी बोलायला संकोचलेल्या काकांनी भावाच्या पाटीकडे पाहिलं; बिनचष्म्यानं नावं लागेनात, मोठे आकडे तेवढे दिसले. उभं आयुष्य नागपुरात गेलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त असतं. त्यांनी सगळ्यात कमी भावावर बोट दाखवलं. त्या माणसानं टाकी पेट्रोलनं भरून टाकली. संजीव कॉफी घेऊन आला, पैसे दिले आणि निघाला.

हायवेवर थोडं पुढे गेल्यावर गाडी आचके देऊ लागली आणि बंद पडली. डिझेलला स्वतःचा तेलकटपणा असतो, त्यावर इंजिनाचा पंप चालतो. पेट्रोल पडलं कोरडं. पंपानं स्वतःलाच खाऊन टाकलं.

संध्याकाळी मी खिचडी घेऊन त्यांच्याकडे गेले, तर सगळे स्वयंपाकघरात बसले होते. सुहासिनीचा मॅनेजर नकुल आला होता. इथेच जन्मलेला मराठी मुलगा, मनानं चांगला, पण त्याला सगळं पटकन मिटवायची घाई.

“लुक, सुहासिनी,” तो म्हणाला, “संजीव ड्राइव्ह करत होता हे बाहेर आलं, तर युअर जॉब इज गॉन. मी सेव्ह नाही करू शकणार. सो, आपण सांगू की पंप फेल झाला. पीरियड.”

“आणि इंजिनाच्या नावावर काय लागेल?”

“हू केअर्स? डिझेलचे भाव बघ, यार. ते लोक प्रोग्रॅम कॅन्सल करायलाच येतायत. त्यांना एक रीझन मिळेल, तुझा जॉब राहील.”

संजीवनं मान खाली घातली होती. घराचे हप्ते होते, मुलगी कॉलेजात जायची होती. खरं सांगते, मलाही वाटत होतं, ऐक बाई त्याचं, लोखंडाच्या ठोकळ्यासाठी कोण नोकरी घालवतं?

काका खुर्चीवरून उठले. “मला न्या तुमच्या ऑफिसात. मी सांगतो, माझ्यानं झालं म्हणून.”

“बाबा, बसा तुम्ही,” सुहासिनी म्हणाली. “डिझेल पेट्रोलपेक्षा महाग असतं असा देश तुम्ही कधी पाहिला होता का? मग तुमची कसली चूक?” मग ती नकुलकडे वळली. तापानं डोळे लाल झाले होते, पण आवाज खणखणीत. “चावी मी दिली. आणि हे बघ, बंद करायचं तर खुशाल करा. डिझेल महागलं म्हणून करा, गाड्या खपत नाहीत म्हणून करा, तुमच्यात दम नाही म्हणून करा. पण इंजिन बिघडलं म्हणून बंद केलं असं मी कुणाला म्हणू देणार नाही. ते बिघडलेलं नाही.”

“यू विल लूज युअर जॉब फॉर अॅन इंजिन?”

“हो.”

नकुल खिचडी न खाताच गेला.

मंगळवारी तिनं सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. डेट्रॉइटच्या मुख्य इंजिनिअरनं टाकीतला नमुना काढायला लावला, तर आत पेट्रोल. शुक्रवारी तिच्या कंपनीनं तिला घरी पाठवलं. तीन वर्षं त्यांच्या गाडीत थंडीनं कुडकुडलेल्या बाईला एका रविवारसाठी! मी अजूनही त्या इमारतीवरून जाताना मनातल्या मनात शिव्या घालते. गणपतीच्या कार्यक्रमात शशिकांत “ट्रकवाली घरी बसली वाटतं” म्हणाला, तेव्हा मी त्याला भर पंगतीत असा झापला की त्याच्या बायकोनं माझी माफी मागितली.

मग सप्टेंबरात बँका कोसळल्या आणि कुणालाच हसायला सवड उरली नाही. काका नागपूरला परतले. सुहासिनी घरी बसून नोकऱ्या शोधत होती, आणि नोकऱ्या कुठेच नव्हत्या.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी माझी बेल वाजली. दारात सुहासिनी, हातात स्टीलचा डबा. खव्याऐवजी रिकोटा चीजचे पेढे, अजून गरम.

“नोकरी लागली?” मी जवळजवळ ओरडलेच.

“छे, कसली नोकरी! डेट्रॉइटहून फोन होता, त्या इंजिनिअरचा. प्रोग्रॅम बंद केला त्यांनी. कायमचा.”

त्या रविवारचा ताप डोक्यात गेला की काय हिच्या?

“अहवालात कारण लिहिलंय डिझेलचा भाव आणि पडलेला बाजार. इंजिनाबद्दल लिहिलंय, सगळ्या चाचण्यांत खरं उतरलं. एकही दोष नाही.” तिनं डब्यातला मोठासा पेढा उचलला.

“अगं, पण बंदच झालं ना शेवटी? मग पेढे कसले?”

“पोरगं पास झालंय, विनीता. शाळाच बंद पडली, त्याला ते बिचारं काय करणार? आ कर.”