सिस्टरच्या धुतलेल्या विटा

आमच्या हिला सगळे सिस्टरच म्हणतात. दवाखान्यातली नोकरी संपून वर्षं झाली, पण हाक तीच. एकदा चुकून मीही तशी हाक मारली, तर दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

निवृत्तीनंतर माणसं काय काय करतात! हिने जुन्या विटा जमवल्या. कुठे घर पाडायला घेतलं की ही पिशवी घेऊन हजर. पूर्वीचे भट्टीवाले विटेवर आपला छाप उमटवायचे. छापावरून भट्टी कळते, भट्टीवरून काळ. फोटो, मोजमापं, सगळं ती विटांच्या अभ्यासकांच्या एका ऑनलाइन मंडळावर टाकायची. तिथे देशोदेशीचे प्राध्यापक, गवंडी, झालंच तर एक म्हातारा इंजिन ड्रायव्हर. "जगात वेडे काही कमी नाहीत," मी म्हणायचो. ती लक्षच द्यायची नाही.

मग आमच्या मंडईच्या मागच्या भिंतीतून निखळलेल्या विटांवर हिला तीन पानांचा छाप सापडला. ती भट्टी म्हणे मंडईच्या कागदोपत्री वयाच्या कितीतरी आधी बंद पडलेली. म्हणजे मंडई ही गावातली सगळ्यात जुनी इमारत! हिने मंडळावर लेख लिहिला, वाहवा झाली. नगरपालिकेने मंडईच्या दारावर दगडी पाटी लावायचं ठरवलं आणि खाली संशोधक म्हणून हिचं नाव. जन्मभर हिने पलंगांना दुसऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावल्या, आता पहिल्यांदाच हिचं नाव कुठेतरी लागणार होतं. मी गावभर सांगत सुटलो.

तेवढ्यात मंडळावरच्या एका गवंड्याने साधाच प्रश्न विचारला, "ताई, विटांना चुना एकाच जातीचा चिकटला होता का?"

हिचा चेहरा पडला. कारण आणलेली प्रत्येक वीट ही गरम पाण्यात साबण घालून ब्रशने घासायची, मगच फोटो. चिकटलेलं सगळं कधीच धुऊन गेलं होतं. "अगं, विटा आहेत त्या, जखमा नाहीत!" म्हणून मी कितीदा ओरडलो असेन. पण हातची सवय, जाते कुठे?

सकाळी आम्ही दोघं मंडईत गेलो. पाइपासाठी मागची भिंत फोडणं चाललं होतं. कामावरच्या मिस्त्रीने एक वीट काढून दिली. वरून पांढरा चुना, आणि तो नखाने खरवडला तर खाली घट्ट बसलेला तपकिरी मातीचा थर. म्हणजे ही वीट आधी दुसऱ्याच कुठल्यातरी मातीच्या भिंतीत होती. ती भिंत पडल्यावर इथे आली.

"वीट जुनी आहे हो," ती म्हणाली, "मंडई नाही."

"हे फक्त तुला नि मला माहीत आहे," मी दबक्या आवाजात म्हणालो. "पाटी तयार आहे. गप्प बस."

"चुकीचं औषध दिलं, पण पेशंट खूश आहे, म्हणून मी कधी गप्प बसले होते का?"

मी चिडलो, नाही नाही ते बोललो. तिने घरी येऊन मंडळावर लिहिलं: माझा निष्कर्ष चुकला, मी विटा धुतल्या, तुम्ही धुऊ नका. मग नगरपालिकेला स्वतः फोन केला. पाटी रद्द झाली. मंडळवाल्यांनी मात्र तिचं ते लिखाण नव्या सभासदांनी सगळ्यात आधी वाचावं म्हणून पहिल्या पानावर लावून ठेवलं. मी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं, आणि माझीच मला लाज वाटली.

तरी मंडईत जायची काही हिंमत होईना. शेवटी बटाटे संपले म्हणून गेलो. बटाटेवाला सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "काय साहेब, सिस्टरचं संशोधन फुसकं निघालं म्हणे?"

"निघालं तर!" मी त्याच्याहून मोठ्याने म्हणालो. "आणि कोणी पकडलं ते, विचार ना."

"कोणी?"

"माझ्या बायकोने!"