शेजारच्या बाकावरची वही

आमची पदवी कला आणि व्यवसाय अशी संयुक्त आहे आणि वर्गातला एक मित्र माझ्याच शेजारी बसतो. सकाळी कवितेच्या तासाला तो हळूच विचारायचा, "काहून गा, उदास दिसून राहिला?" मी सांगत गेलो: मौद्याला राहणारे बाबा, त्यांची गेलेली नोकरी, तरी रोज अंगात इस्त्रीचा शर्ट. तो मान हलवत वहीत काहीतरी लिहायचा. मला वाटायचं, कविता असेल.

परवा दुपारी मार्केटिंगच्या तासाला त्याने प्रकल्पासाठी कल्पिलेला आपला 'ग्राहक' पडद्यावर दाखवला: वय पन्नास, मौदा, नोकरी नाही, शर्ट इस्त्रीचा. "याले थोडा मान द्या, सर. काहीही विकत घेते." सरांनी टाळ्या वाजवल्या.

आज सकाळी त्याने विचारलं, "तुझी आई बरी आहे ना गा?"

मी आधी त्याच्या पेनाकडे पाहिलं. टोपण काढलेलं होतं.